किरकोळ म्हणे!

'किरकोळ' या शब्दाचा मला अलीकडे राग यायला लागलाय. तसा शब्द बिचारा निरुपद्रवी. वाण्याकडे ठोक आणि किरकोळ असे दोन भाव असतात, वर्तमानपत्रात किरकोळ वादातून हाणामाऱ्या होतात, आणि शाळेत असताना आमच्या पगारातून दरमहा काहीतरी 'किरकोळ कपात' व्हायची, ती कशाची ते निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. पण हाच शब्द दवाखान्यात कुणी आपल्या शरीराबद्दल वापरला की मात्र सावध व्हावं. हे मी आता अनुभवाने सांगते आहे.

गेल्या वर्षी, वयाच्या ७४व्या वर्षी, माझ्या दोन्ही वरच्या पापण्यांचं ऑपरेशन झालं.

आधी ते का करावं लागलं ते सांगते, कारण त्यावरूनही बरंच ऐकून घेतलंय. आमच्या साताऱ्याच्या घराच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. दिसतो म्हणजे, दिसायचा. गेली तीन-चार वर्षं मला किल्ल्याचा पायथा दिसे, माथा बघायचा तर मान मागे टाकावी लागे. एसटीची पाटी वाचायलाही हनुवटी वर. ओळखीच्या बायकांना वाटायचं, पेन्शन वाढल्यापासून बाईंना ताठा आलाय! शब्दकोडं सोडवताना उजव्या हातात पेन्सिल आणि डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरलेली, असा थाट. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागे.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं ते असं. वयाबरोबर पापणीवरची कातडी सैल होऊन झालरीसारखी खाली लोंबते. शिवाय पापणी उचलणारा जो स्नायू असतो, त्याचा पापणीला जोडलेला भाग पातळ होऊन ताणला जातो आणि पापणी बुबुळावर उतरते. माझ्याकडे दोन्ही होतं. मग माणूस नकळत कपाळाच्या जोरावर पापण्या उचलत राहतो, म्हणून ते ठणकणं. एक तपासणीही झाली. मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर एकटक बघायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकदा पापण्या आहेत तशा ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर बांधून. पहिल्या कागदावर वरचा बराचसा भाग काळा आला, दुसऱ्यावर जवळजवळ स्वच्छ. इतका सरळ पुरावा होता.

तरी भावजय म्हणालीच, "वन्सं, या वयात कुणाला दाखवायचंय?" विमा कंपनीचंही तेच, फक्त इंग्रजीत. सौंदर्यासाठी केलेल्या आणि प्लास्टिक सर्जरीचा खर्च पॉलिसीत वगळलेला असतो. अपवाद असतात ते अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या दुरुस्तीचे, नाहीतर डॉक्टरने लिहून दिलेल्या वैद्यकीय गरजेचे. आमचा दावा पहिल्यांदा 'कॉस्मेटिक' असा शेरा मारून परत आला. ते काळे कागद पुन्हा जोडून पाठवले, तेव्हा कुठे पुढे सरकला. असो. तो राग वेगळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आजचा राग 'किरकोळ'वर आहे.

पुण्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तिथे डॉक्टर भेटतात दहा मिनिटं. बाकीचं सगळं समजावून सांगायला एक मुलगी असते, तिला काउन्सेलर म्हणतात. गोड मुलगी. म्हणाली, "काकू, अगदी किरकोळ आहे हो. दीड तासाचं काम. संध्याकाळी घरी. दोन दिवस आराम केलात की तिसऱ्या दिवसापासून सगळं नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे काय?" मी विचारलं. शिक्षकी खोड, दुसरं काय.

"म्हणजे तुमचं रोजचं सगळं करू शकता."

माझं रोजचं म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. मलाही सांगायचं सुचलं नाही. पुढचं सगळं रामायण या एका न विचारलेल्या प्रश्नातून घडलं.

माझं रोजचं सांगते. आमच्या ह्यांना आठ वर्षांपासून कंपवात आहे. सकाळी त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून संडासाला, तिथून पुन्हा खुर्चीत. त्यांचे हात माझ्या मानेभोवती, माझे हात त्यांच्या काखेत, "एक, दोन, तीन" म्हणून उठायचं. वजन ६८ किलो. दिवसातून पाच-सहा वेळा. इतक्या वर्षांत ते मला काम वाटेनासं झालं आहे, जसं श्वास घेणं कुणाला काम वाटत नाही. मुलगा-सून बंगळूरला. त्या 'दोन दिवसां'च्या भरवशावर मी रुग्ण सांभाळणारे एक मामा ठरवले, दोनच दिवसांसाठी. तिसरा दिवस म्हणून मोजायचा तो ऑपरेशनचा दिवस धरून की सोडून, हेही मी विचारलं नव्हतं. गणिताच्या बाई असते तर विचारलं असतं.

ऑपरेशन उत्तम झालं. भूल फक्त पापण्यांपुरती. मधूनमधून डॉक्टर म्हणायचे, "बाई, डोळे उघडा. वर बघा. आता समोर." दोन्ही पापण्या एका उंचीवर आल्यात का ते पडताळून बघतात. सुया टोचल्या तेवढंच काय ते दुखलं. त्यांच्या हाताबद्दल माझी तसूभर तक्रार नाही, आधीच सांगून ठेवते. रात्री पुण्यात नणंदेकडे राहिले, दुसऱ्या दिवशी गाडीने घरी.

आता पुढचे दिवस. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मला हे कुणी सांगितलं नाही.

दुखणं फार नसतं, खरंच नसतं. साध्या गोळीवर भागतं. पण दुखणं नाही म्हणजे त्रास नाही, असं ज्याला वाटतं त्याच्या डोळ्यात कुणीतरी दिवसातून तीनदा मलम भरावं. त्या मलमाने जग साय धरलेल्या दुधातून बघितल्यासारखं दिसतं. चष्मा लावून उपयोग नाही. घड्याळ दिसत नाही, फोनवरचा नंबर दिसत नाही, ह्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकीसारखी दुसरी. आणि सूज! ऑपरेशनच्या दिवशी मी आरशात बघून म्हटलं होतं, चला, वाटलं तेवढं वाईट नाही. सूज खरी चढते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे ज्या दिवसापासून 'सगळं नॉर्मल' म्हणून सांगितलं होतं, नेमका तोच दिवस सर्वांत वाईट! याला काय म्हणावं? दोन्ही डोळे बोंडासारखे मिटलेले, उजवा डाव्यापेक्षा जास्त. काळंनिळं रक्त खाली उतरत उतरत गालापर्यंत येतं. पुढे ते जांभळं, मग हिरवट, मग पिवळं होत विरतं, त्याला दोन आठवडे लागतात. पण हे असंच असतं, ही सरळ रीत आहे, हे माहीत नसलं की माणूस प्रत्येक रंगाला घाबरतो.

रात्री आणखी वेगळं. पापणी पूर्ण मिटत नाही. थोडी फट राहते, डोळा कोरडा पडतो, वाळू गेल्यासारखं खुपतं. त्यासाठी थेंब आणि झोपताना मलम असतं आणि काही दिवसांत बहुतेकांचं ते सुधारतं. पण पहिल्या रात्री मला वाटलं, आता जन्मभर माशासारखं उघड्या डोळ्यांनी झोपावं लागणार. डोकं उंच ठेवून झोपायचं, दोन-तीन उशा घेऊन. कुशीवर वळायचं नाही. पहिले दोन दिवस थंड शेक, पण बर्फ नुसता लावायचा नाही, कपड्यात गुंडाळून. कारण पापणी बधिर असते, गारठ्याने कातडी जळाली तरी कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते. चोळायचं नाही! हे वाचायला सोपं आहे.

लोकांचं बघणंही सोसावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. दार उघडल्यावर आधी त्यांनी माझे काळेनिळे डोळे पाहिले आणि मग खुर्चीत बसलेल्या ह्यांच्याकडे असं काही पाहिलं की मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही, त्याच्यावर संशय! दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि पापण्या दुरुस्त करणारे मॅकिंडो नावाचे सर्जन इंग्लंडात ईस्ट ग्रिनस्टेडला होऊन गेले. त्यांनी रुग्णांबरोबर गावालाही तयार केलं होतं: ही मुलं रस्त्यात, दुकानात भेटतील, टक लावून बघू नका. त्या गावाचं नाव त्यासाठीच निघालं. माझ्या दोन पापण्यांसाठी साताऱ्याला कुणी तयार करावं असं मी म्हणत नाही. पण निदान मला तरी तयार करायचं.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगते, लांबवत होते ते.

मामा आदल्या संध्याकाळी गेले होते. सकाळी मला धूसर दिसत होतं, पण ह्यांना उठवायला डोळे कशाला लागतात? हात लागतात. वाकले, "एक, दोन, तीन" केलं आणि उठवलं. उजव्या पापणीत काहीतरी गरम सुटल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. दुपारपर्यंत पापणी ताठ झाली, लिंबाएवढी. संध्याकाळी टाक्यांतून रक्त झिरपायला लागलं. कागदावरचा नंबर शेजारच्या मुलाने वाचून लावून दिला. तिकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. तेव्हा साडेसात झाले होते.

शेवटी इथल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी घरी जाता जाता दवाखाना पुन्हा उघडला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मलम पुसून, डावा डोळा झाकून, उजव्यासमोर बोटं धरली. "किती?" तीन. "आता?" दोन. डोळा पुढे आलाय का, आत प्रचंड कळ आहे का, ते विचारलं. नव्हती. मग म्हणाले, "वाचलात. रक्त पापणीतच आहे, डोळ्यामागे नाही." एक टाका उघडून त्यांनी साकळलेलं रक्त काढलं.

डोळ्यामागे रक्त साठलं तर त्याच्या दाबाने दृष्टीची नस मरू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. फार क्वचित होतं, आणि झालं तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत. क्वचित होतं म्हणून सांगायचं नाही? एकाएकी जोराची कळ, डोळा बाहेर ढकलल्यासारखा वाटणं, दिसणं कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता मिळेल त्या वाहनाने मोठं रुग्णालय गाठायचं. सगळं मिळून दोन वाक्यं आहेत. दोन वाक्यांनी कुणी घाबरून मरत नाही. आणि मलमाने अंधुक दिसतंय की खरंच दिसणं कमी झालंय, हे ठरवायला मलम पुसून एकेक डोळा झाकून बोटं मोजायची, हे तर मुलांचा खेळ वाटावा इतकं सोपं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला सूचनांचा कागद दिला होता ना?"

दिला होता. इंग्रजीत. झेरॉक्सची झेरॉक्स. आणि कधी दिला? ऑपरेशननंतर, दोन्ही डोळ्यांत मलम भरल्यावर! डोळ्यांच्या रुग्णाला वाचता येणार नाही अशा वेळी वाचायला कागद देणं, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा कुणीतरी सत्कार करा. पुढे दहाव्या दिवशी मी तो वाचला. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए. मराठी घेऊन केलेलं, तरी एवढं इंग्रजी येतं. त्यात एक ओळ होती: 'अव्हॉइड स्ट्रेन्युअस ॲक्टिव्हिटी फॉर टू वीक्स.' बघा, दोन आठवडे! तोंडी दोन दिवस आणि कागदावर दोन आठवडे. पण मुख्य मुद्दा तोही नाही. समजा मी ही ओळ आधी वाचली असती, तरी मला ह्यांना उचलणं हे 'स्ट्रेन्युअस' वाटलं असतं का? मला वाटलं असतं, कागदात व्यायामशाळेबद्दल लिहिलंय, किल्ला चढण्याबद्दल लिहिलंय. घरकामाला आपल्याकडे काम तरी कोण म्हणतं?

म्हणून मी म्हणते, ही भाषांतराची चूक नाही, विचाराची आहे. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो रुग्ण असतो त्याच्या घरी कुणीतरी करणारं असतं. प्रत्यक्षात निम्म्या घरांत रुग्ण हीच करणारी असते. पाण्याची बादली उचलायची नाही, दळणाचा डबा उचलायचा नाही, नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, केर वाकून काढायचा नाही, देवापुढे डोकं टेकायचं नाही, मनात नमस्कार करा. कुथायचं नाही, बद्धकोष्ठ असेल तर आधीच बंदोबस्त करा. पहिले काही दिवस कुकरच्या वाफेपुढे आणि तापल्या तव्यापुढे उभं राहायचं नाही. काजळ, गुलाबपाणी, मध, तूप, शेजारणीने काहीही सुचवलं तरी डोळ्यांत घालायचं नाही. असं लिहिलं की कळतं! यातल्या एकाही शब्दाला वैद्यकीय पदवी लागत नाही.

औषधांचंही तसंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं होतं. मला नव्हत्या. पण लसणाच्या कॅप्सूल मी वर्षभर घेत होते, त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो, हे मागाहून कळलं. त्या मला औषध वाटतच नव्हत्या, मग मी कशाला सांगेन? विचारणाऱ्याने 'गोळ्या कोणत्या' एवढ्यावर न थांबता 'आणखी काय काय घेता' असं विचारायला हवं. (आणि ज्यांना हृदयासाठी तसल्या गोळ्या चालू असतील त्यांनी माझं वाचून मनाने बंद करू नयेत, ते डॉक्टरच ठरवतील.)

टाके काढायला पुण्याला गेले तेव्हा मी डॉक्टरांना हे सगळं ऐकवलं. माणूस सज्जन, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, सगळं सांगत बसलो तर निम्मे पेशंट ऑपरेशनच करणार नाहीत. घाबरतात लोक."

हा युक्तिवाद मी नीट तपासून बघितला आहे, कारण वरवर तो दयाळू वाटतो. त्यात आहे काय? एक तर, न सांगता होकार मिळवला तर तो होकार कशाला म्हणायचा? सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगितलंय की रुग्णाची संमती खरी धरायची तर उपचाराचं स्वरूप, उद्देश, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, याची पुरेशी माहिती आधी द्यायला हवी. घरचे पंधरा दिवस हाही उपचाराच्या स्वरूपाचाच भाग आहे, असं माझं म्हणणं. ऑपरेशन दीड तासाचं नसतं हो, पंधरा दिवसांचं असतं. त्यातला दीड तास डॉक्टर करतात, उरलेले दिवस रुग्ण करतो. आणि दुसरं, लोक घाबरून पळतील हे खरंच आहे का? मी पळाले नसते. मला किल्ल्याचा माथा बघायचा होता! मी फक्त मामांना दोन दिवसांऐवजी पंधरा दिवस ठेवलं असतं आणि मुलाला रजा काढायला लावली असती. माहितीने माणूस घाबरतो कमी, तयारी जास्त करतो. परीक्षेत काय येणार हे सांगितलं म्हणून आमची मुलं कधी शाळा सोडून गेली नाहीत.

"प्रत्येकाचं वेगळं असतं" हेही ते म्हणाले. असेल ना. मग 'तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत' असं सांगा. सगळ्यांना एकच आकडा, आणि तोही सर्वांत लहान, हे वैविध्य झालं का?

इथे मला माझ्या एका कॉलेजातल्या मैत्रिणीबद्दल लिहायचंय. ती मुंबईला असते. तिने अडुसष्टाव्या वर्षी चेहऱ्याची सर्जरी करून घेतली, गाल-गळ्याची सैल कातडी ताणून बसवण्याची. तिची हौस, तिचे पैसे. मला स्वतःला ते पटलं नव्हतं आणि मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, हे कबूल करते. पण तिचे हाल ऐकल्यावर लाज वाटली. डोक्याभोवती घट्ट पट्टी, रक्त निघून जायला कानामागून काढलेल्या नळ्या, त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. जांभई देता येईना, पोळी चावता येईना. कान इतके बधिर की कुडी घालताना टोचलं तरी पत्ता नाही. तो बधिरपणा काही महिने राहिला. पण तिला सगळ्यांत जड गेला तो दुसरा आठवडा. सुजलेला, कुणा परक्या बाईचा वाटावा असा चेहरा बघून ती रोज दुपारी रडायची. आणि सांगायची सोय नाही! कारण कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं: "हौस केलीस ना, मग भोग." या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मन खचणं नेहमीचं आहे, ओसरतं ते, असं एका वाक्याने तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ती दार लावून बसली नसती. हौसेची जखम गरजेच्या जखमेपेक्षा कमी दुखते, असं थोडंच आहे? मी तेव्हा तिला फोन केला नाही. माझ्या पापण्यांच्या वेळी तिने मला रोज केला.

जुनी एक गोष्ट सांगते, आमच्या बाजूचीच. टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैल हाकणारा गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा पाडणाऱ्या कुंभार जातीतल्या, त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून युरोपातले सर्जन हे शिकले. सगळे लोक यातलं नाक सांगतात, अभिमानाने. मला मात्र त्या मजकुरातला पुढचा भाग मोलाचा वाटतो. जोड धरून ठेवायला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, त्या चार दिवस हलवायच्या नाहीत. मग तुपात भिजवलेली फडकी. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे त्या बुजणार नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाकडून आलेला कातडीचा जोड कापायचा. दिवस मोजून सगळं! सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ दिवसांचा हिशेब होता आणि आज पुण्यातच मला 'दोन दिवसांत नॉर्मल' सांगतात.

माझं आता ठीक आहे. उजव्या पापणीची घडी डावीपेक्षा किंचित खाली बसली आहे, शोधणाऱ्याला दिसते. व्रण बरेच दिवस गुलाबी होते, आता सुरकुतीत लपले. खरा आकार यायला तीन महिने लागले. कपाळ ठणकायचं थांबलं. किल्ला दिसतो, माथ्यासकट.

टाके काढून आल्यावर मी एक कागद तयार केला, मराठीत, ठळक अक्षरात, फळ्यावर लिहावा तसा. वर जे लिहिलंय तेच सगळं, दिवसांच्या हिशेबाने, बादली आणि कुकरसकट. पहिली ओळ: 'हा कागद ऑपरेशनच्या आठ दिवस आधी वाचावा.' इथल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली. मग पुण्याला त्या दवाखान्यात पाठवला. काउन्सेलर मुलीचा फोन आला, "काकू, फार छान लिहिलंय हो. सरांना दाखवते." त्याला आता पाच महिने झाले.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांचंही पापण्यांचं ठरलंय, त्याच दवाखान्यात. म्हणाल्या, "बाई, किरकोळ असतं ना?"

मी विचारलं, "घरी कोण कोण आहे? उचलायचं, वाकायचं काम कोण करतं?"

"मीच की. सासूबाई अंथरुणावर आहेत ना."

"त्यांनी हे विचारलं?"

"नाही."

मी आत जाऊन माझ्या कागदाची प्रत आणून त्यांना दिली आणि आमच्या मामांचा फोन नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिला. तारीख त्यांनी दिवाळीनंतरची घेतली आहे.